जिप्सी उचलली, आता स्टीअरिंगचं काय? सॉलिड की ट्यूब, हाइम की टाय रॉड एंड

गंगावेस_जिप्सी
परवा इथं एकानं ठोकून दिलं, "गाडी उंच केली की स्टीअरिंगला २५ मिमीचा सॉलिड (भरीव) रॉड घालायचा, सगळ्या टोकांना हाइम जॉइंट (उघड्या गोळ्याचे सांधे) लावायचे, बाकी सगळा पोरखेळ." खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

स्प्रिंगं ॲक्सलच्या वर घेतली की जिप्सी चार-पाच इंच उचलते. स्टीअरिंग बॉक्स चॅसीबरोबर वर जातो, नकल (चाक वळवणारा सांधा) आहे तिथंच राहतो, आणि दोघांना जोडणारी ड्रॅग लिंक तिरकी उभी राहते. मग एक चाक खड्ड्यात गेलं की तुम्ही हात न हलवता स्टीअरिंग ओढ घेतं. कोन बिघडलाय आणि तुम्ही जाडी सांगताय!

माझं मत: नकलवर वरून आर्म बसवा, टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक दोन्ही स्प्रिंगच्या वरून न्या. लिंक सपाट होते आणि खाली लोंबणारा टाय रॉड जांभ्याच्या दगडावर आपटायचा थांबतो. टोकांना ग्रीस भरलेले, रबरी बूट असलेले टाय रॉड एंड. हाइम उघडा असतो. आपल्याकडची लाल माती एकदा त्या गोळ्यात शिरली की पावसाळा सरायच्या आत खटखट सुरू.

आणि वेल्डिंग मारलेला रॉड तर फुकट दिला तरी नको. मित्राचा करूळ घाटात टाक्यावर (वेल्डिंगच्या जोडावर) सुटला. पुढची दोन चाकं दोन दिशांना. गाडी डोंगराच्या अंगाला होती म्हणून आज जेवतोय. असलं काम आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही कोपऱ्यावर दोनशे रुपयांत होतं, म्हणून करायचं नसतं.

चिखल्या
अंगठा देणाऱ्यांत मी पण होतो, त्यामुळं उत्तर देणं आलं. एक चाक दरडीवर आणि एक ओढ्यात असताना तुमचा टाय रॉड एंड कोनात अडकतो. हाइमला दोन्हीकडून स्पेसर घातले की तो मोकळा फिरतो. शिवाय हाइमची झीज डोळ्याला दिसते. तुमच्या सीलबंद डबीचा बूट फाटला की आत काय चाललंय ते कळतं का? हाइमलाही बूट मिळतात, काका.

गंगावेस_जिप्सी
काका कोणाला म्हणतोस? नकलचं भोक निमुळतं असतं. हाइम बसवायचा तर ते ड्रिल मारून सरळ करावं लागतं. उद्या परत मूळ जॉइंट घालायचा म्हटलं तर स्लीव्ह शोधत फिर. वर बोल्ट एकाच बाजूनं धरलेला, सगळा झटका त्याच्यावर.

चिखल्या
दोन्ही बाजूंनी धरणारं ब्रॅकेट करतात लोक. जग पुढं गेलंय, काका.

उद्यमनगर_लेथ
"कुठल्याही कोपऱ्यावर दोनशे रुपयांत"? भावा, जरा शिस्तीत. आमच्या वडिलांनी लेथवर हयात काढली. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्या गावात लेथवाल्याची किंमत दोनशे रुपये व्हय? शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग देशभरातल्या गाड्यांत फिरतंय. आणि आमची पोरं पुण्यासनं पावडर कोटिंग केलेला किट मागवत्यात, पैसे मोजत्यात तिप्पट, आणि आटे जुळले न्हाईत की रात्री आठला माझ्या शटरसमोर हुबी. तेवढ्यापुरता मामा आठवतो.

आता कामाचं. सॉलिड बारला वेल्डिंग लागतंच कुठं? ईएन ८चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) बार लेथवर धरायचा, दोन्ही तोंडं ड्रिल करायची, एकीकडं सुलटे आटे, दुसरीकडं उलटे, चेकनट आवळायचा. हाय काय अन् न्हाई काय. टाका लागतो तो ट्यूबला, आत आट्याचा तुकडा बसवून. म्हणजे घाटात सुटली ती ट्यूबच असणार. विचार तुझ्या मित्राला.

गंगावेस_जिप्सी
विचारलं. जीआय पाइप होता, पाण्याचा. त्याला ट्यूब म्हणायचं असेल तर माझ्या घरचा नळपण स्टीअरिंगच.

आणि मामा, कॅमेऱ्यात रीळ अडकली तर पिक्चर थांबतो. टाय रॉड सुटला तर माणूस थांबतो. फाउंड्रीचं कास्टिंग लॅबमधून पास होऊन जातं. तुमच्या टाक्याचा एक्स-रे कुणी काढला?

उद्यमनगर_लेथ
पेंटरांवर घसरू नको. आणि पोरं मागवत्यात त्या पुण्याच्या किटचा एक्स-रे कुणी काढला रं? स्टिकर बघून इस्वास ठेवत्यात.

पॉलिटेक्निकचा_मास्तर
दोघंही जरा थांबा, मग भांडा. २५ मिमीचा सॉलिड बार घ्या आणि शेजारी बाहेरून ३२ मिमी, भिंत ६ मिमी अशी ट्यूब घ्या. मीटरला वजन दोघांचं सारखंच, साधारण ३.८५ किलो. वाकायला विरोध मात्र ट्यूबचा सव्वादोन पटीहून जास्त. सॉलिडच्या पोटातलं लोखंड वजन पुरेपूर देतं, ताकद थोडीच. चाकांनी दोन्हीकडून दाबलं की हाच आकडा कामाला येतो, आणि दगडानं ठोकलं तरी ट्यूबच सरस.

दुसरं, ईएन ८मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास. त्याला गार असताना टाका मारला तर टाक्याशेजारचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. आधी तापवायचं, नंतर सावकाश निवू द्यायचं. किती जण करतात?

उद्यमनगर_लेथ
मी करतो. आणि सर, तुमची ३२ची ट्यूब स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर स्प्रिंगला घासती का, ते फळ्यावर दिसतंय का?

पॉलिटेक्निकचा_मास्तर
घासत असेल तर व्यास कमी करा, भिंत वाढवा. बाकी बिनटाक्याचा सॉलिड हा वाईट टाक्याच्या ट्यूबपेक्षा बरा, एवढं मान्य. चांगल्या ट्यूबपेक्षा नाही.

उद्यमनगर_लेथ
म्हंजे मान्य केलं का न्हाई?

पॉलिटेक्निकचा_मास्तर
अर्धं केलं. उरलेलं तुम्ही टाक्याचा नमुना कापून आणून दाखवलात की.

राजारामपुरी_८वी_गल्ली
तुमचं चालू द्या, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कुणाला आठवतंय का? कंपनीनं दिलेल्या रचनेत परस्पर बदल चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. तुमची स्प्रिंगं, तुमचे आर्म, तुमचे रॉड, मोजा. माझ्या चुलतभावाचा विम्याचा क्लेम याच कारणावर अडवून धरलाय, अजून खेटे घालतोय. आणि पलीकडच्या बोळात हॅलोजन लावून, सायलेन्सर काढून फिरणाऱ्यांना कोणी विचारत नाही. परवा रात्री दीड वाजता...

चिखल्या
आले आरटीओ. दादा, हॅलोजनचा वेगळा धागा काढा की.

कागलची_जीपवाली
सगळे रॉडची जाडी मोजताय, जॉइंटमधला प्ले (ढिलेपणा) कुणी मोजला का? आमच्या जुन्या जीपचं स्टीअरिंग साठच्या वर गेलं की असं थडथडायचं की हात सुन्न. एका मेकॅनिकनं स्टीअरिंग डँपर गळ्यात मारला. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. निघाली काय, तर किंगपिनची (ज्या खुंटीवर चाक वळतं तिची) बेअरिंगं संपलेली. डँपरनं थडथड दबते, दुखणं तिथंच राहतं.

नवा रॉड घ्यायच्या आधी हे करा. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकाला स्टीअरिंगवर बसवा, डावी-उजवी थोडं थोडं हलवत राहू दे. तुम्ही खाली झोपा आणि एकेका जॉइंटवर तळहात ठेवा, निम्मा इकडच्या भागावर, निम्मा तिकडच्या. जिथं एक भाग हलतो आणि दुसरा अंमळ थांबून हलतो, तिथं पैसे घाला. मी केलं तेव्हा टाय रॉड ठणठणीत होता. म्हणजे हा आख्खा धागा माझ्या गाडीला लागूच नव्हता.

गंगावेस_जिप्सी
ताई, प्ले बघायचा हे गृहीत होतं.

कागलची_जीपवाली
लिहिलेलं कुठं दिसलं नाही. गृहीत बरंच दिसतंय तुमच्याकडं.

पन्हाळा_रोड
मी उलटं बोलणार, शिव्या घाला. टाय रॉड वाकतो ते बरंच आहे. मसाई पठाराच्या खालच्या वाटेवर माझा वाकला, चाकं आत तोंड करून बसली. रॉड काढला, दोन दगडांच्या बेचक्यात धरून जॅकनं दाबला, चालण्यापुरता सरळ केला आणि हळूहळू घरी आलो. तोच जर न वाकणारा असता तर झटका गेला असता बॉक्सच्या शाफ्टला नाहीतर नकलच्या आर्मला. ते कशानं सरळ करणार? मी कंपनीचाच रॉड ठेवतो, एक जादा गाडीत.

चिखल्या
म्हणजे स्टीअरिंग वाकावं म्हणून नवस बोलायचा? खुळाच आहेस.

उद्यमनगर_लेथ
न्हाई, ह्यो गडी बरोबर बोलला. बॉक्सचा शाफ्ट तुटला की लोकं माझ्याकडं घेऊन येत्यात, "मामा, वेल्डिंग मारा." ते मी करत न्हाई. पैसे किती बी देऊ द्यात. सोडा म्हणतो, नवा आणा.

गंगावेस_जिप्सी
हे आधी सांगितलं असतं तर एवढं भांडण कशाला? मामा, "कुठल्याही कोपऱ्यावर"मधनं तुमचा कोपरा वगळला. बाकीचे तसेच.

उद्यमनगर_लेथ
लई उपकार झाले साहेबांचे. आता ऐक. वरनं रॉड न्यायचा तुझा इचार चुकीचा न्हाई, मी कधी चूक म्हणलो बी न्हाई. पण आर्म गॅसनं कापलेल्या पट्टीचे घेऊ नको, मिलिंग केलेले घे. नट आवळला की स्प्लिट पिन घाल. अर्धी जनता पिनच्या जागी बायंडिंग तार घालती आणि मग घाटात देव आठवतो. आणि हाइम घालणाऱ्यांनी माझ्याकडं निमुळतं भोक सरळ करायला यायचं न्हाई. चिखल्या, तू बी.

चिखल्या
मी पुण्यालाच जातो मग.

उद्यमनगर_लेथ
जा की. आटे जुळले न्हाईत तर शटर आठला बंद हुतं.

थार_२०२१
सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. माझ्या नवीन थारला यातलं काय टाकू? सॉलिड की ट्यूब?

पॉलिटेक्निकचा_मास्तर
तुमच्या गाडीला पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाकाचं वेगळं) आणि रॅक अँड पिनियन स्टीअरिंग आहे. ड्रॅग लिंकच नाही. यातलं काहीही लागू नाही.

थार_२०२१
ओके सर. पण मग काहीतरी तर टाकावं लागेल ना?

पन्हाळा_रोड
डिझेल टाक.

थार_२०२१
पेट्रोल आहे माझी.