मदत हवी आहे: पॅरिश कौन्सिलवर (चर्चच्या सल्लागार मंडळावर) असताना पंचायतीला उभं राहिलेलं चालतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले कॅथलिक. माझी वहिनी यंदा ग्रामपंचायतीला उभी राहतेय. आमच्याकडे पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पण कोण कुणाचं माणूस हे टपरीवर सगळ्यांना ठाऊक!

अडचण अशी, की ती पॅरिश कौन्सिलवरही आहे. गेल्या रविवारी मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) सुटल्यावर एका काकांनी तिच्या पत्रकांचा गठ्ठा दाराजवळच्या तीर्थाच्या भांड्याशेजारी ठेवला. फादरनी तो उचलला आणि एक शब्द न बोलता तिच्या हातात दिला. बिचारी ओशाळली. चूक तिची नव्हती, पण फादरचंही बरोबरच होतं असं मला वाटतं.

1983 च्या चर्च कायद्यानुसार फादर लोकांना सत्तेचं पद घेता येत नाही (कलम 285). प्रापंचिकांना तशी मनाई नाही. उलट पोप फ्रान्सिसनी 2013 मध्ये राजकारणाला प्रेमाच्या थोर रूपांपैकी एक म्हटलंय. धर्माच्या नावावर मत मागू नये, हेही कळतं.

तर विचारायचं होतं:

निवडणुकीपुरती कौन्सिलवरून रजा घ्यावी की सरळ राजीनामा द्यावा? तुमच्या पॅरिशमध्ये काय रीत आहे? आणि घरोघरच्या तेर्साला (जपमाळेच्या प्रार्थनेला) ती नेहमी जाते, तिथे पंचायतीच्या नळाचा विषय कुणी काढलाच तर गप्प बसायचं का?

बेळगाव, खानापूरकडच्या कुणी हे निभावलं असेल तर कृपया सांगा. अर्ज भरायला थोडेच दिवस उरलेत.