मदत हवी आहे: बाबांची जुनी रेसर सायकल सिंगल स्पीड (एकाच गिअरची) करायची आहे

नमस्कार मंडळी. बाबांची स्टील फ्रेमची, दहा गिअरची रेसर सायकल माळ्यावरून उतरवली आहे. रोज धनकवडी ते शिवाजीनगर ऑफिसला न्यायची आहे. फ्रेमच्या ज्या खाचांत मागचं चाक बसतं त्या तिरक्या आहेत, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येईल, चेन ताणून धरणारा वेगळा टेन्शनर लागणार नाही. पुढे पेडलच्या चक्राला ४२ दाते ठेवतोय. मागे १६ दात्यांचं फ्रीव्हील घेऊ की १८? जाताना उतारच आहे, पण संध्याकाळी स्वारगेटच्या पुढे चढ लागतो, आणि गुडघे जपायचेत.

शिवाय चेन सरळ रेषेत यायला एक्सलवरचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या रिंगा) बदलून रिम पुन्हा मधोमध आणावी लागेल ना? हे नीट करणारा मिस्त्री पुण्यात कुठे मिळेल? एका दुकानात भंगारात द्या म्हणाले. ती द्यायची नाही, बाबा तिच्यावरच कामाला जायचे.