स्वस्तात रॅलीची गाडी करायची? आधी व्हीटेकचा नाद सोडा

होटगीरोडवाला
परवा इथे एका भावाने लिहिलं: "तीन लाखांत रॅलीची गाडी करायची तर डोळे झाकून जुनी होंडा सिटी व्हीटेक उचला. १०६ हॉर्सपॉवर या पैशात दुसरी कुठलीच गाडी देत नाही. सस्पेन्शन, केज वगैरे हळूहळू होत राहतं." त्याखाली आपल्याच सोलापूरच्या पोरांनी "शोधायला लागतो" असं लिहिलंय. ते वाचून गप्प बसवेना.

हिशेबच उलटा मांडलाय. तीन लाखांतून आधी केज (गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत बसवायचा पाईपचा सांगाडा), दोन सीट, सहा पट्ट्यांचे बेल्ट, हेल्मेट, दणक्यात मान सांभाळणारं हान्स, फायर एक्स्टिंग्विशर यांचे पैसे बाजूला काढा. मग इंजिनखालच्या ऑइल चेंबरला गार्ड, शॉकअप, टायर. हे सगळं करून जे उरेल ते गाडीचं. तेवढ्यात येते ती मारुती एस्टीम, एमपीएफआयवाली (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारी), १३०० सीसी, ८५ हॉर्सपॉवर. वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. मागचं सस्पेन्शनही दोन्ही चाकांना वेगवेगळं, त्यामुळे खड्ड्यात एक चाक गेलं तरी दुसरं जमीन सोडत नाही. इंजिन सुझुकीच्या जी१३ घराण्यातलं. नंतरच्या जिप्सीत तेच, पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही तेच. म्हणजे सुटा भाग शोधायला तीन गाड्यांचं भंगार हाताशी आहे.

सिटी काय, एस्टीम काय, दोन्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह. त्यात ओढायचं आणि वळायचं दोन्ही कामं पुढच्याच चाकांना. मुरमाड रस्त्यावर जास्त ताकद दिली की चाकं जागेवर फिरतात, नाक बाहेर पळतं, आणि पूर्ण वळवलेल्या चाकावर अॅक्सिलरेटर दाबला की एक्सलचा जॉइंट बोंबलतो. नवशिक्याला २० हॉर्सपॉवर जास्त मिळून काही वेळ वाचत नाही. डाव्या पायाने ब्रेक मारून नाक आत घ्यायला शिकला, तर वाचतो.

व्हीटेक_एमएच१३
ती पोस्ट माझी. नाव घेऊन लिहायचं होतं, मालक.

आता तुमचेच आकडे. सिटी हजार किलोच्या थोडी वर, १०६ हॉर्सपॉवर. एस्टीम पावणेनऊशे, ८५. भागाकार करा, किलोमागे ताकद सिटीचीच जास्त निघते. वर ते इंजिन ७ हजार आरपीएमपर्यंत ओढतं. देशातल्या रॅल्यांमध्ये वर्षानुवर्षं व्हीटेक पळाल्या आणि जिंकल्या, त्या चालवणारे सगळे मूर्ख होते का? एस्टीम चांगली गाडी आहे, आमच्या काकांकडेही होती, लग्नाच्या वरातीला.

होटगीरोडवाला
भागाकारात फरक निघतो पाच-सहा टक्क्यांचा. सिटी पोटाने किती खाली बसते ते सात रस्त्याच्या स्पीड ब्रेकरलाही माहीत आहे. ती उचलायला लागणारे शॉकअप आपल्या गावात मिळत नाहीत, पुण्याला फोन लावा आणि वाट बघा. ज्यांनी व्हीटेकवर रॅल्या जिंकल्या त्यांच्यामागे टायर कंपनीचा पैसा आणि मेकॅनिकची फौज होती. तुमच्या पोस्टखालची पोरं शनिवारचा पगार मोजून पैसे साठवणारी आहेत.

जिप्सीशिवाय_नाही
मुळात फ्रंट व्हीलला रॅली म्हणायचं कशाला? रॅली चॅम्पियन हरी सिंगने नाव कमावलं ते जिप्सीत. पट्ट्यांचं सस्पेन्शन, चेसिस वेगळी, काहीही तुटलं तरी ढाब्यामागे जोडून घ्या. कंपनीने जिप्सी बंद केली त्या दिवशी या देशातली गरिबाची रॅली संपली. सरकारी खात्यांना हव्या होत्या म्हणून इतकी वर्षं काढल्या, आणि आमच्यासारख्यांना हवी होती तेव्हा नाही. तुम्ही बसा एस्टीम आणि सिटी खेळत.

होटगीरोडवाला
जिप्सीचा मान आहेच. पण बाजारात आज धड जिप्सीला जी किंमत सांगतात त्यात दोन एस्टीम आणि केज येतो. आणि फ्रंट व्हीलची रॅली खोटी असं म्हणणाऱ्याने माँटे कार्लो रॅलीचा इतिहास बघावा. एरिक कार्लसनने १९६२ आणि १९६३ साली साबवर जिंकली. मिनी कूपर १९६४, १९६५ आणि १९६७ ला. १९९९ मध्ये फिलिप बुगाल्स्कीने फ्रंट व्हीलच्या सित्रोएन झाराने कॅटालुन्या आणि कॉर्सिकाच्या रॅल्यांत चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांना मागे टाकलं.

जिप्सीशिवाय_नाही
ते दोन्ही रस्ते डांबरी होते. मुरूम आणि चिखल असता तर बघितलं असतं. साबचं मान्य, तो माणूसच वेगळा होता.

डिझेल_मोहोळ
स्विफ्ट डिझेलचं कुणीच का बोलत नाही? १९० न्यूटन मीटर टॉर्क आहे, तिसऱ्या गिअरमध्ये अख्खा घाट चढते.

होटगीरोडवाला
नाक जड आहे आणि टर्बो जागा होईपर्यंत वळण संपतं. पेट्रोल स्विफ्ट १३०० वाली मिळाली तर जरूर घ्या, एस्टीमनंतर माझी पसंती तीच. मागे सरळ बीम आहे, पण बॉडी एस्टीमपेक्षा कितीतरी घट्ट.

डावी_सीट
मी नेव्हिगेटर म्हणून बसते, म्हणून एकच विचारते. वरच्या पोस्टीत "केज हळूहळू" लिहिलंय आणि त्यावर एक ओळ सोडून कुणी बोललं नाही. सगळे हॉर्सपॉवर मोजताय. ड्रायव्हरच्या हातात निदान स्टिअरिंग असतं, माझ्या हातात वही असते. मान खाली घालून पेसनोट (पुढच्या वळणांची टिपणं) ड्रायव्हरला वाचून दाखवताना गाडी कुठल्या झाडाकडे निघालीय तेही दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका पोराची गाडी बघायला गेले होते. आत नळाच्या जीआय पाईपचा केज. जस्ताचा थर न काढता वेल्डिंग केलेलं, खाली पत्र्याला थेट चिकटवलेलं. "ताई, एकदा बसून बघा, एकदम मजबूत आहे." मी बसले नाही. त्या गाडीने कोलांटी घेतली असती तर ते पाईप पत्रा फाडून माझ्या मांडीत आले असते. केज नसलेल्या गाडीपेक्षा खोटा केज वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस जोरात चालवतो.

एमआयडीसी_अण्णा
ताई, सोलापूरच्या वेल्डरला नावं ठेवायचं काम नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं शेड आहे. या जिल्ह्यात राज्यातले सगळ्यात जास्त साखर कारखाने आहेत. त्यांच्या बॉयलरच्या नळ्या कोण जोडतं? आपलीच पोरं. बॉयलरचा जॉइंट एक्सरे काढून पास करावा लागतो. ते जोड वाफेचं प्रेशर धरतात आणि तुमच्या गाडीचं वजन धरणार नाहीत का? पुण्याच्या माणसाने केला की केज, आम्ही केला की नळ. हे लई वर्षं ऐकतोय.

डावी_सीट
अण्णा, वेल्डरच्या हाताबद्दल मी एक शब्द काढलेला नाही. पाईपबद्दल बोलले. जीआयचा पाईप पट्टी वळवून शिवण मारलेला असतो, दणक्याला शिवणीवर उघडतो. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचा नियम आहे की पाईप कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढून काढलेला बिनशिवणीचा हवा, मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची २.५ जाडीची किंवा ५० ची २ जाडीची. बाकीचे ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. वाकवायचा तो थंडच, आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी. गॅसने तापवून वाकवला की आतली बाजू चेपते.

एमआयडीसी_अण्णा
सीमलेस माझ्याकडे रॅकवर पडलेला आहे. दीड इंची, शेड्यूल ४०. तुमच्या नियमापेक्षा जाड. जाड म्हणजे मजबूत, यात तरी वाद नाही ना?

डावी_सीट
आहे वाद. तो बाहेरून ४८.३ आणि जाडी ३.६८. मीटरला चार किलो भरतो. ४५ बाय २.५ भरतो २.६. एका केजला ३० मीटर धरा, ४० किलोच्या वर वजन वाढलं, तेही छताजवळ. होटगीरोडवाल्यांनी हलकी गाडी निवडून जे कमावलं त्यातला पाव हिस्सा तरी तिथे गेला. शिवाय रॅलीआधीच्या तपासणीला, स्क्रुटिनीला, कोल्ड ड्रॉन असल्याचं सर्टिफिकेट मागितलं तर काय दाखवणार, कारखान्याचं बिल?

एमआयडीसी_अण्णा
आवाज चढवू नका. रात्री-बेरात्री बॉयलर बंद पडला की याच बिलाच्या माणसांना उठवतात. गाडी बघून, अंगाने माप घेऊन करणारी माणसं आहोत आम्ही. तुमचं पुस्तक वाचून पाईप वळत नाही.

डावी_सीट
अंगाने माप घेऊन चूल होते. केजमध्ये दाराच्या आडव्या पट्ट्या कुठे याव्यात, माझं हेल्मेट कुठे आपटेल, बेल्ट कुठल्या दांड्याला कोणत्या कोनात बांधायचा, हे मोजायला लागतं. केजच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटरची प्लेट, ती पत्र्याला किमान १२० चौरस सेंटिमीटर टेकलेली, किमान तीन ८.८ ग्रेडचे बोल्ट. हे लिहिलेले आकडे कुणाच्या तरी मरणातून आलेत. मला राग येतो कारण मला घरी परत जायचं असतं.

व्हीटेक_एमएच१३
बास झालं. मी "हळूहळू" लिहिलं त्याचा अर्थ पहिल्या सीझनला ऑटोक्रॉस (मैदानात आखलेल्या छोट्या ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध) खेळा, मग केज, असा होता. बिनकेजचं रॅलीला जा असं मी म्हणालो नाही.

डावी_सीट
तसं लिहिलंही नाही. वाचणाऱ्या पोराने त्याचा अर्थ काय घेतला ते तुमच्याच पोस्टखाली बघा. एकजण "मग आधी इंजिन करतो" म्हणतोय.

कागदपत्र_जुनानाका
विषय सोडून सांगतो, पण पैशाचंच आहे. एस्टीम असो की व्हीटेक, बहुतेक गाड्या आता वीस वर्षांच्या पुढे. पंधरा वर्षांनी पासिंग, मग दर पाच वर्षांनी. २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीला नुसती नूतनीकरणाची फी १० हजार झालीय. वर ग्रीन टॅक्स, एजंट. रॅलीत एका स्टेजवरून (वेळ मोजतात त्या बंद रस्त्यावरून) दुसऱ्या स्टेजला गाडी सार्वजनिक रस्त्यानेच जाते, म्हणजे आरसी आणि इन्शुरन्स जिवंत हवेच. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालणार नाही. त्यामुळे रोज ऑफिसला जायची आणि रविवारी रॅलीची, अशी एकच गाडी करायला जाऊ नका. केज लावून बिनहेल्मेटचं शहरात फिरणंही चूकच, डोकं दांड्यावर आपटतं. कागद मेलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका एवढंच.

डिझेल_मोहोळ
आणि सरावाला कुठे जायचं? विजापूर रोडला रात्री पोरं हँडब्रेक मारतात तेच का?

होटगीरोडवाला
ते अजिबात नाही. ऊसाच्या दिवसांत रात्रभर दुहेरी ट्रॉल्या चालतात, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर. तिथे हँडब्रेक मारणारा रॅलीवाला नाही. एखाद्या शेतकऱ्याला पैसे देऊन पडीक माळ घ्या, शंकू लावा, दुसऱ्या गिअरवरच राहा. पावसाळ्यात काळ्या रानात उतरू नका, चिखल चाकात भरून ब्रेकची पाईप ओढून काढतो.

व्हीटेक_एमएच१३
केजचं मान्य. त्या पोस्टमध्ये बदल करून वरच टाकतो की आधी केज. गाडीचं मान्य नाही आणि होणार नाही. पुढच्या सीझनला तुमची एस्टीम आणि माझी व्हीटेक एकाच माळावर उभी करू, घड्याळ सांगेल.

होटगीरोडवाला
करू. दोघांचे टायर मात्र सारखेच.

एमआयडीसी_अण्णा
ताई, ४५ बाय २.५ कोल्ड ड्रॉन सर्टिफिकेटसकट कुठे मिळतो त्याचा पत्ता काढतो. तुम्ही ड्रॉइंग द्या. वाकवायला माझ्याकडे मँड्रेलवालं (पाईप आतून चेपू न देणारं) मशीन नाही, तेवढं बाहेरून करून आणू. जोड माझाच पोरगा मारेल, आणि तुम्ही म्हणाल तिथे कापून तपासा.

डावी_सीट
एक नमुना जोड आधी कापून बघेन, मग बोलू. ड्रॉइंग एस्टीमचं देऊ की सिटीचं, ते या दोघांना विचारा.

बार्शी_नवा
मी तो "आधी इंजिन करतो" म्हणणारा. बार्शीत एक एस्टीम आहे, मालक म्हणतो जुन्या मॉडेलची, कार्बोरेटरवाली. घेऊ का?

होटगीरोडवाला
कार्बोरेटरवाली ६५ हॉर्सपॉवरची. बॉडी चांगली असेल तर इंजिन नंतर एमपीएफआयचं बसवता येतं, पण तो बदल आरटीओत नोंदवायला लागेल, तो खर्च आधी विचारा. बघायला जाताना पुढच्या शॉकअपच्या टोप्या बॉनेट उघडून बघा, तिथे गंज किंवा तडा असेल तर सोडा. कार्पेट उचलून फ्लोअरला स्क्रूड्रायव्हर टोचा, केजच्या प्लेटा तिथेच बसणार आहेत. आरसीवरचा चेसिस नंबर स्वतः जुळवा. रविवारी जाणार असलात तर सांगा, मीही येतो.