मित्रमैत्रिणींच्या पोरांना मासे पकडायला नेलंय का कुणी? अनुभव लिहा

मित्राची दोन पोरं, एक नऊ वर्षांचा आणि एक सहा वर्षांची, येत्या सुट्टीला दिवसभर माझ्याकडे आहेत आणि मी उत्साहात "चला मासे पकडायला नेतो" बोलून बसलोय. गळ टाकणं मला नवीन नाही, पण दुसऱ्याची पोरं सोबत घेऊन कधी गेलो नाही. ज्यांनी नेलंय त्यांनी काय काय झालं ते लिहा. उपदेश कमी, किस्से जास्त चालतील.

*

पहिली गोष्ट, स्वतःचा रॉड घरी ठेवा. खरंच सांगतोय. मी मैत्रिणीची तीन पोरं घेऊन जातो अधूनमधून, आणि माझं काम म्हणजे दोरा सोडवणे, आमिष लावणे, परत दोरा सोडवणे, मधेच कुणाची चप्पल वाहून चालली ती पकडणे. त्यात आपला रॉड पाण्यात असला की आपलं लक्ष तिकडे जातं आणि पोर तिसरीकडे जातं.

रीलसुद्धा (दोरा गुंडाळायची चकरी) देऊ नका लहानांना. साधी हलकी काठी, टोकाला साधारण काठीएवढाच लांब तंगूस (नायलॉनचा दोरा), एक छोटा फ्लोट (पाण्यावर तरंगतो, मासा ओढू लागला की बुडतो), खाली गळ, बस. रील नसली की मागे हात नेऊन फेकायचा प्रश्न येत नाही, आणि बहुतेक अपघात त्या मागे गेलेल्या गळानेच होतात. गळ बारीक घ्या, १० किंवा १२ नंबर (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, नवख्यांचा इथे हमखास घोळ होतो). मोठा मासा लागणार नाही, नको लागू दे. पोरांना मोठा मासा नको असतो, फ्लोट बुडायला हवा असतो, आणि तोही दर पाच मिनिटांनी. आणि गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो तो घरूनच पकडीने दाबून सपाट करून न्या. एखादा मासा सुटेल, पण माशाच्या तोंडातून काय नि पोराच्या शर्टातून काय, गळ सरळ निघतो.

*

आमच्याकडे मासे कुणाला नकोच होते, गांडुळं हवी होती. भावाच्या मित्राच्या मुलाने डब्यातल्या प्रत्येक गांडुळाला नाव ठेवलं आणि मग एकही गळाला लावू देईना. शेवटी कणकेच्या गोळ्यांवर दिवस काढला. गांडुळं संध्याकाळी झाडाखाली सोडली, नावं घेऊन.

*

"शू, बोलू नका, मासे पळतील" हे बंद करा ही नम्र विनंती. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बराचसा परत फिरतो, पाण्यात फारच थोडा उतरतो. गप्पा मारा, गाणी म्हणा काही होत नाही. पण काठावर उड्या मारल्या, दगड आपटले, तर ती थरथर जमिनीतून थेट पाण्यात जाते आणि माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना जी बारीक रेघ असते ना, ती नेमकी हेच टिपायला असते. म्हणून आमच्याकडे नियम एकच: तोंड चालू, पाय बंद. आठ वर्षांच्या पोराला तासभर गप्प बसवणं मला तरी कधी जमलेलं नाही, आणि जमलं असतं तर काळजीच वाटली असती.

*

माझा अनुभव जरा वेगळा आहे, लांब होईल. मैत्रिणीच्या घरी मासे कुणी खात नाहीत, पण मुलगा हट्टाला पेटला म्हणून तिने मुलगा मुलगी दोघांना माझ्याबरोबर पाठवलं. निघायच्या आधी मी तिला स्पष्ट विचारलं की बाई गं, पकडलेल्याचं काय करायचं? ती म्हणाली सोडून द्या. झालं, मला वाटलं विषय संपला.

मुलाला गळावर काही मिळेना, आणि मुलीने काठाजवळच्या उथळ पाण्यात हातजाळी फिरवली तर त्यात तिलापिया आली. बरीच मोठी होती. ती जाळीत उलटीपालटी झाली आणि तिच्या तोंडातून इवलीइवली पिल्लं बाहेर पडायला लागली. मुलगी किंचाळली, "मावशी, हिने सगळ्यांना खाल्लंय!" मग सांगितलं की खाल्लं नाहीये, या जातीत आई अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते, आणि तेवढे दिवस ती स्वतः जवळजवळ खातच नाही. जाळी पाण्यातच धरून उघडली, मासा गेला, पिल्लंही गेली. यावर मुलीने जाहीर केलं की आज कुणी काही पकडायचं नाही. मुलगा म्हणाला, मी गळ टाकणारच, तुझ्या जाळीने तूच तर पकडलीस. दोघांचं असं भांडण जुंपलं की विचारू नका, आणि खरं सांगायचं तर मुद्दे दोघांचेही बरोबर होते. "गळ लागल्यावर माशाला दुखतं का?" हे मुलीने मला सरळ विचारलं. मी म्हटलं, दुखत असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, सगळ्यांचं नाही. मुलगा विचारात पडला, मग म्हणाला मी टाकतो पण पटकन सोडतो. हात ओले करून मासा धरायचा हे त्याला शिकवलं, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघतो आणि तो थर त्याला जंतूंपासून वाचवतो. नंतर दिवसभर तो हातच ओले करत बसला होता, मासा एकही आला नाही :)

*

वरच्या ताईंना +१. खायचं की सोडायचं हे आईबापांना आधी विचाराच, काठावर पोरांसमोर फोन लावून नको.

माझी केस उलटी. मित्राची अकरा वर्षांची मुलगी. तिला मासा *आतून* बघायचा होता. मित्र हो म्हणाला, म्हणून एक ठेवला आणि तिच्यासमोर साफ केला. कल्ले का लाल असतात, ती हवेची पांढरी पिशवी कशाला (मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर न बुडता राहावा म्हणून), पोटात काय सापडलं तर अर्धवट पचलेले किडे आणि आमचंच आमिष. खवल्यावर भिंगातून वर्तुळं दिसतात, त्यावरून वय काढतात म्हटल्यावर तिने खवला वहीत चिकटवला. रात्री वहिनींचा फोन, "भावजी, ही जेवताना सगळं वर्णन करतेय, माझं ताट तसंच राहिलंय."

*

मी नर्स आहे म्हणून थोडं रुक्ष लिहिते, सॉरी. चष्मा किंवा गॉगल सगळ्यांना घालाच, बघणाऱ्यालासुद्धा. गळ डोळ्यात किंवा डोळ्याजवळ रुतला तर ओढायचा नाही, दाबायचं नाही, दोरा कापून वर कागदी कप वगैरे हलका झाकून सरळ हॉस्पिटल. बोटात खोल गेला तरी काठावर ऑपरेशन करत बसू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आईला आधीच विचारून ठेवा, अ‍ॅलर्जीचंही.

दुसरं, मिशावाले मासे. पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या पंखांना कडक काटे असतात, कित्येक जातींत ते विषारी असतात आणि जाम ठणकतात. गरम पाण्यात हात बुडवला की आराम पडतो कारण ते विष उष्णतेने निकामी होतं, पण पाणी साधारण ४५ अंशांपर्यंतच गरम घ्या, त्यावर नाही. आधी आपला हात घालून बघा, पोराला दुखण्यात चटका कळत नाही. काटा आत मोडला असेल तर डॉक्टरच.

*

लाइफ जॅकेट कुणी लिहिलंच नाही अजून! "त्याला पोहता येतं" हे प्रत्येक आई सांगते. स्विमिंग पूलमध्ये येतं हो. कपडे, बूट, गढूळ पाणी, अचानक पडणं, यात वेगळं असतं. जॅकेट वजनाप्रमाणे घ्या, मोठं चालेल म्हणून नको. घालून झाल्यावर खांद्यांना धरून वर उचला, हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. दोन पायांमधून जाणारा पट्टा असला तर उत्तम. आणि गडगडाट ऐकू आला की सगळं गुंडाळून निघा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत पाण्याकडे जायचं नाही. कार्बनचा रॉड असेल तर तो वीज वाहून नेतो हेही लक्षात असू द्या, विजेच्या तारांखाली तर नकोच.

*

दिवसभर कशाला पण? पहाटे जा, ऊन चढलं की परत या. मासेही तेव्हाच जास्त खातात, दुपारी खोल जातात. सहा वर्षांची पोरगी दोन तासांत कंटाळणार म्हणजे कंटाळणार, तिच्यासाठी बादली आणि चिखल पुरे. आणि तुटलेला तंगूस एकूण एक गोळा करून आणा, शेकडो वर्षं कुजत नाही, पक्ष्यांच्या पायात गुंततो. पोरं हे काम फार मन लावून करतात, माशांपेक्षा जास्त.

*

बोटीतून नेऊ की काठावरून?

*

काठावरून. बोट मधोमध गेली की पोरांना शू लागते, आणि ती एकालाच लागत नाही.