परदेशातली बालग्रंथालयं बघताना काय बघावं, आणि ते जि. प. शाळेत कसं न्यावं?

बालविभाग_तालुका

नमस्कार. 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग माझ्याकडे आहे. फिनलंडमधलं हेलसिंकी आणि डेन्मार्कमधलं ऑर्हूस इथली ग्रंथालयं बघायला जायचं ठरतंय. परत आल्यावर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत पुस्तकं घेऊन जायची आहेत. शाळा बहुतेक द्विशिक्षकी, पुस्तकं कपाटात आणि कपाटाला कुलूप. इमारतींचे फोटो नेटवर भरपूर सापडतात, मला कामाची पद्धत समजून घ्यायची आहे. तिथे वेळ कशाला द्यावा? त्यातलं इथे काय चालेल? मुख्याध्यापकांचा पहिलाच प्रश्न असतो, "हरवलं तर भरून कोण देणार?" त्यांना काय सांगायचं?

फिरतं_वाचनालय

ताई, आधी तारखा बघा. जून आणि जुलैमध्ये फिनलंडच्या शाळांना सुट्टी असते, म्हणजे वर्गभेटी बघायला मिळणार नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यावर दोन्हीकडे शरद ऋतूची सुट्टी असते. सप्टेंबर सगळ्यात बरा, फक्त आपल्याकडच्या गणपतीच्या तारखा सांभाळा. दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रौढांची फी ९० युरो आहे आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो. ज्या ग्रंथालयाला भेट देणार त्याचं पत्र जोडलं की जाण्याचा हेतू स्पष्ट होतो.

हेलसिंकीचं मध्यवर्ती ग्रंथालय ऊदी (डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं) बघाच. सगळ्यात वरच्या मजल्यावर बालविभाग आहे. ठेंगणी कपाटं, बाबागाड्या ठेवायची जागा, गोष्टींची खोली, सगळं छान आहे. पण त्याला अर्धा दिवस पुरे. उरलेला वेळ उपनगरातल्या शाखेला द्या, उदाहरणार्थ इताकेस्कुसची शाखा. ऑर्हूसचं डॉक१ ग्रंथालय (२०१५ मध्ये उघडलं) देखणं आहे. तिथे एक मोठी घंटा टांगली आहे. शहरातल्या रुग्णालयात बाळ जन्मलं की आईवडील बटण दाबतात आणि ती ग्रंथालयात वाजते. सगळे तिचाच फोटो काढतात. आपल्या कामाचा फरक मात्र वेगळाच आहे. डेन्मार्कमध्ये प्रत्येक सरकारी शाळेचं स्वतःचं ग्रंथालय असणं कायद्यानं बंधनकारक आहे. फिनलंडमध्ये बऱ्याच शाळांत नाव घेण्याजोगं ग्रंथालय नसतं आणि ते काम सार्वजनिक ग्रंथालय करतं. तुमची परिस्थिती फिनलंडच्या जवळची आहे, म्हणून जास्त दिवस तिथे ठेवा.

तिथे मुख्यतः 'किर्याविंक्काउस' बघायचं. ग्रंथपाल वर्गासमोर दहा-पंधरा पुस्तकांची ओळख करून देतो, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं, आणि उत्सुकता वाढली की नेमका तिथेच थांबतो. गोष्ट पूर्ण सांगत नाही, परीक्षण करत नाही, बोध काढत नाही. ई-मेलमध्ये हा शब्द लिहून अशा एका सत्राला मागे बसू द्याल का, असं विचारा. महिनाभर आधी लिहा. बऱ्याच शाखांत वर्गभेटी सकाळी, ग्रंथालय उघडण्याआधी असतात. साडेदहाला पोचलात तर रिकामा हॉलच दिसेल.

सत्रानंतर विचारायचं ते असं: एका पुस्तकाच्या किती प्रती आणल्या होत्या? सगळी मुलं एकाच पुस्तकावर तुटून पडली तर काय करता? शिक्षकांना आधी काय कळवता? मूल पुस्तक परत आणत नसेल तर पहिलं पाऊल कोणतं? जमल्यास फिरत्या ग्रंथालयाची बस बघा आणि तिचं वेळापत्रक मागून घ्या. कोणत्या शाळेपाशी ती किती मिनिटं थांबते, हे आपल्याला फार उपयोगी आहे. खिशात मोजपट्टी ठेवा. कपाटाची उंची, चित्रपुस्तकांच्या खोक्याची खोली, सतरंजीचा आकार, सगळं लिहून घ्या. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो परवानगीशिवाय काढू नका, त्याबाबत तिकडे फार कडक आहेत.

ग्रंथपेटी

वरचं सगळं पटलं. आता शाळेचं सांगतो.

गटशिक्षणाधिकाऱ्यांचं लेखी परवानगीपत्र आधी घ्या, त्याची प्रत केंद्रप्रमुखांना द्या आणि मगच शाळेत जा. शाळेला पुस्तकांची पेटी देताना आतल्या पुस्तकांची यादी दोन प्रतींत करायची, एकीवर मुख्याध्यापकांची पोच घ्यायची. ही पुस्तकं शाळेच्या दाखल नोंदवहीत (मालकीच्या पुस्तकांना क्रमांक देऊन नोंदायची वही) चढवू नका. ती तुमच्या वाचनालयाच्याच दाखल क्रमांकावर राहू द्या, शाळेकडे फक्त उसनी. मुख्याध्यापकांची निम्मी भीती इथेच जाते.

३० मुलांच्या वर्गाला ६० पुस्तकं हवीत. ३० नेली तर शेवटच्या मुलाला निवडच उरत नाही, हाती लागेल ते घ्यावं लागतं, आणि ज्याला वाचणं जड जातं तोच बहुधा शेवटी उठतो. प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन यांची पातळ चित्रपुस्तकं घ्या. बरीचशी शंभर रुपयांच्या आत मिळतात. 'किशोर'चे सुटे अंक तिसरी-चौथीसाठी घाला, जुने अंक बालभारतीनं नेटवर मोफतही ठेवले आहेत. पेटी झाकणाच्या प्लास्टिक क्रेटची असू द्या. पत्र्याची पेटी पावसात गंजते आणि दुचाकीवर बांधायला जड पडते. सहा ते आठ आठवड्यांनी पेट्या शाळाशाळांत फिरवायच्या.

वर्गात पुस्तकं रचून ठेवली तर मुलांना नुसते कणे (बांधणीकडच्या कडा) दिसतात, आणि पातळ पुस्तकाच्या कण्यावर नावही नसतं. भिंतीला दोन खिळे मारून नायलॉनची दोरी ताणा आणि पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर टाका. पहिली-दुसरीसाठी दोरी जमिनीपासून तीन फुटांवर. यापेक्षा वर गेली की मुलं ओढतात आणि पानं पिनेपाशी फाटतात.

३५ मिनिटांच्या तासिकेत दहा-पंधरा पुस्तकांची ओळख होत नाही. पाच घ्या, दहा मिनिटं. मग एक पुस्तक मोठ्यानं वाचा, दहा मिनिटं. उरलेली पंधरा निवड आणि देवघेव यांना, त्यातून एक मिनिटही कापू नका. मोठ्यानं वाचायचं पुस्तक ए-४ पेक्षा लहान नको, आणि मुलं अर्धगोलात, दोनच ओळींत बसवा. तिसऱ्या ओळीला चित्र दिसत नाही आणि गोंगाट तिथूनच सुरू होतो. गुरुजी-बाईंना आधीच विनंती करून ठेवा की गोष्टीनंतर "तात्पर्य काय?" विचारायचं नाही. त्या एका प्रश्नानं गोष्टीचा धडा होतो.

देवघेवीला रजिस्टर नको, भिंतीवर तक्ता हवा. आडव्या ओळीत मुलाचं नाव, उभ्या रकान्यात शनिवारची तारीख. मूल स्वतः पुस्तकाचा क्रमांक लिहितं: ३/१७, म्हणजे तिसऱ्या पेटीतलं सतरावं. परत दिलं की गोल करायचा. चौथीची दोन मुलं हे काम उत्तम करतात. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येकाला दोन पुस्तकं द्या. मुलांना वेळ असतो नेमका तेव्हाच कपाट बंद राहणं मला फार खटकतं.

शिवण_बांधणी

दुरुस्तीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पातळ पुस्तकांच्या पिना पावसाळ्यात गंजतात आणि मधलं पान आधी सुटतं. नवी पुस्तकं आली की लगेच पिना काढा, मध्यघडीत तीन छिद्रं पाडा आणि मेण लावलेल्या जाड सुती दोऱ्यानं शिवा. मधल्या छिद्रातून सुरुवात करून गाठ आत ठेवायची. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि डिंक शेजारच्या पानाला धरतो. पातळ टिश्यू कागद आणि पांढरा फेविकॉल, थोडं पाणी घालून. बाइंडरकडे देत असाल तर खळीत मोरचूद घालू नका असं स्पष्ट सांगा. ते किड्यांसाठी घालतात, पण विषारी आहे, आणि लहान मुलं पुस्तक तोंडात घालतात. क्रेटमध्ये डांबराच्या गोळ्याही त्याच कारणासाठी नकोत.

बालविभाग_तालुका

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. हरवलेल्या पुस्तकांसाठी दाखवता येईल असा एखादा नियम आहे का? आणि काही पाड्यांवर मुलांची घरची भाषा पावरी आहे, तिथे मोठ्यानं वाचन कसं करायचं?

फिरतं_वाचनालय

केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत (२०१७) नियम २१५ आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरलं आहे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांहून महाग पुस्तकांची, आणि दुर्मीळ असेल तर कितीही किमतीच्या पुस्तकाची, चौकशी करावीच लागते. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, शाळांना थेट लागू नाही. पण तो जोडून तुमच्या कार्यकारी मंडळाकडून तसाच ठराव करून घ्या आणि ठरावाची प्रत प्रत्येक पेटीत ठेवा. मुलाकडून पैसे मात्र कधीच घेऊ नका. एकदा दंड झाला की घरचे पुस्तक आणूच देत नाहीत.

ग्रंथपेटी

पावरीसाठी: आधी चित्रं दाखवून मुलांना त्यांच्या भाषेत बोलू द्या, मग मराठीतून सावकाश वाचा. दर दोन पानांनी पावरी बोलणाऱ्या मोठ्या मुलानं किंवा अंगणवाडीताईंनी तेवढंच सांगायचं. ओळीओळीला भाषांतर नको, त्यानं गोष्ट तुटते. पहिल्या महिन्यात बिनशब्दांची चित्रपुस्तकं निम्मी तरी ठेवा.