जुनं लॉकेट घेताना सोनं आणि वय कसं पडताळायचं? (सल्ला हवा)

निळीशाई
नमस्कार. ओळखीतल्या एक बाई त्यांच्याकडचं जुनं लॉकेट साखळीसकट विकतायत. अंडाकृती, उघडणारं, पुढे काळी मिनाकारी आणि मधोमध बारीकसा हिरा. आत काच, काचेमागे कुणाच्या तरी केसांची वेणी. दोन्ही मिळून वजन २२ ग्रॅम. बाई म्हणतात, "शंभर वर्षांहून जुनं आहे, अख्खं १८ कॅरेट." लॉकेटच्या आत ठसे आहेत: १५, .६२५, एक जहाजाचा नांगर, एक इंग्रजी अक्षर आणि कुणाची तरी आद्याक्षरं. साखळीच्या फाशावर नुसतं ७५०.
सोनं खरं आहे का आणि वस्तू खरंच जुनी आहे का, हे कसं बघायचं? बजेट: त्यात जेवढं सोनं भरेल त्याच्या भावाच्या दीडपट. त्यावर एक पैसाही नाही. रोज घालायला हवंय, तिजोरीत ठेवायला नाही.

रोखठोक
बिस्किट घ्या. घडणावळ, खडे, मिना यातलं काहीही मोडताना परत मिळत नाही. मोडीला गेलं की अँटिक आणि कालचं, दोन्ही एकाच मुशीत.

निळीशाई
बिस्किट गळ्यात कसं घालणार?

सोपाउपाय
लोहचुंबक लावा. चिकटलं तर पितळ, नाही चिकटलं तर सोनं. आमच्याकडचं सगळं मी असंच तपासून घेतलंय, एकही डाग काळा पडलेला नाही.

तावूनसुलाखून
सोपाउपाय, पितळ चुंबकाला चिकटत नाही हो. तांबं नाही, चांदी नाही, शिसंही नाही. चुंबकाने फक्त लोखंड-निकेलवाली ढोबळ फसवणूक कळते. उलट गंमत अशी की खऱ्या सोन्याच्या साखळीचा फासा बऱ्याचदा चिकटतो, कारण त्याच्या आतली स्प्रिंग पोलादी असते. तेवढ्यावरून घाबरून चांगली साखळी परत करणारे लोक पाहिलेत.

सोपाउपाय
आमच्या एकाही दागिन्याचा फासा चिकटला नाही. आता काय म्हणणं आहे?

तावूनसुलाखून
काही नाही. मळसूत्राचे असतील.

मोरपीस
अगं, थोडं बजेट वाढव आणि सही असलेलं काहीतरी घे. नामांकित घराण्याची सही असली की सोन्याच्या वजनाला कोण विचारतो? माझ्याकडे व्हिक्टोरियन व्हाइट गोल्डची अंगठी आहे, बघणारा बघतच राहतो.

भिंगवाला
मोरपीसताई, व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये गेली. व्हाइट गोल्ड दागिन्यांत रुळलं ते पहिल्या महायुद्धाच्या आसपास आणि नंतर. त्याआधी पांढरा धातू हवा असला की चांदी, आणि शतकाच्या वळणावर प्लॅटिनम.

मोरपीस
माझ्याकडे सर्टिफिकेट आहे.

भिंगवाला
कोणी दिलं?

मोरपीस
ज्यांच्याकडून घेतली त्यांनीच. आणि त्यात लिहिलेली किंमत मी दिलेल्या किमतीच्या दुप्पट आहे, म्हणजे फायद्यातच आहे मी.

रोखठोक
+१ बिस्किटाला. ती दुप्पट किंमत बहुधा विम्याची आहे. वस्तू हरवली तर तशीच दुसरी दुकानातून आणायला काय लागेल, तो आकडा. विकायला जाल तेव्हा तो कागद कुणी हातातही घेणार नाही.

भिंगवाला
मूळ प्रश्नाकडे येतो. १५ आणि .६२५ वाचून मी सरसावून बसलो. ब्रिटनमध्ये १५ कॅरेटचा दर्जा कायद्याने १८५४ मध्ये आला आणि १९३२ मध्ये बंद झाला, त्याजागी १४ आलं. म्हणजे ठसे खरे असतील तर लॉकेट त्या दरम्यानचं. नांगर ही बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाची खूण. ते अक्षर वर्षाचं, पण नुसतं अक्षर बघून वर्ष लावू नका. तीच अक्षरं फिरून फिरून येतात, म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकार दोन्ही त्या कार्यालयाच्या वर्ष-अक्षरांच्या तक्त्याशी जुळले पाहिजेत. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा, उघड्या डोळ्यांनी हे होत नाही.
आता कटू भाग. लॉकेट १५ कॅरेटचं असेल तर "अख्खं १८" ही गोष्ट तिथेच संपली. साखळीवर ७५०, म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, १८ कॅरेट. शुद्धता वेगळी, म्हणजे जोडी मूळची नसावी. यात लबाडीच असेल असं नाही. साखळ्या झिजतात, तुटतात, लोक बदलतात. पण "मूळ साखळीसकट" म्हणून जास्त पैसे मागत असतील तर देऊ नका.

कानामात्रा
धागा वाचतेय. माझ्याकडे एक ब्रोच आहे, त्यावर "१/२० १२ के जीएफ" असं आहे. तेही १२ कॅरेट का?

तावूनसुलाखून
नाही. ते गोल्ड फिल्ड. एकूण वजनाचा विसावा भाग १२ कॅरेटचा पत्रा, बाकी आत हलका धातू. १२ कॅरेट म्हणजे निम्मं सोनं, म्हणून अख्ख्या ब्रोचमध्ये शुद्ध सोनं अडीच टक्के. जीपी, एचजीई अशी अक्षरं दिसली तर ते त्याहून पातळ, नुसतं वीजमुलाम्याचं पाणी. छान दिसतं तोवर वापरा, मोडायला नेऊ नका.

कानामात्रा
बरं झालं विचारलं. अवांतराबद्दल क्षमस्व.

पिवळंधमक
हे ठसेबिसे सोडा. एक्सआरएफ मशीनखाली (क्ष-किरणांनी धातू ओळखतं ते) धरा, मिनिटात टक्केवारी छापून मिळते. विज्ञान आहे.

राखुंडी
विज्ञान आहे, पण ते वरवरचं बघतं. अक्षरशः. ते किरण पृष्ठभागाच्या काही मायक्रॉनपर्यंतच नीट वाचतात. मला एका दुकानाने मशीनचा कागद दाखवून कडं विकलं, कागदावर झकास १८ कॅरेट. पुढे मोडायला नेलं, कानशीने घासल्यावर आतून चांदी. जाड मुलामा होता. दुकान म्हणतं, कागद मशीनचा आहे, आमचा नाही. तेव्हापासून मी झिजलेल्या जागेवर, कडीच्या आतल्या बाजूला तपासणी केल्याशिवाय काही घेत नाही.

पिवळंधमक
तुमचं मशीन जुनं असेल.

राखुंडी
मशीन दुकानाचं होतं, माझं नाही.

तावूनसुलाखून
राखुंडी बरोबर सांगतायत. आतपर्यंतचं उत्तर हवं असेल तर भट्टीची परीक्षा: नमुना कापून शिशाबरोबर तापवायचा, हलके धातू त्यात निघून जातात, मग चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची, उरलेलं सोनं तोलायचं. पण त्यासाठी वस्तूचा तुकडा द्यावा लागतो. जुन्या लॉकेटचा तुकडा कोण देणार? कसोटीचा दगड आणि आम्ल हा मधला मार्ग. जरासाच कस निघतो, तोही मागच्या कडेवरून घ्यायला सांगा.
साखळी मात्र घरी तपासता येते. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. आधी हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून. १८ कॅरेटची १० ग्रॅमची भरीव साखळी पाण्यात साधारण ०.६५ ग्रॅमने हलकी भरते, पितळेची जवळजवळ १.२ ने. कड्यांत बुडबुडे अडकले तर आकडा बिघडतो, पाण्यात साबणाचा थेंब टाका. लॉकेटवर हा प्रयोग करूच नका. पोकळ आहे, आत काच आहे, आकडा निरर्थक येईल.

लखलखाट
आधी कोमट पाण्यात टूथपेस्ट घालून ब्रशने खसखसून घासा. नव्यासारखं झाल्यावर सगळं स्पष्ट दिसतं. मग हवं तर पॉलिशला द्या.

भिंगवाला
कृपया नको!! काचेमागे केस आहेत, पाणी शिरलं की कुजतील. हिरा मागून बंद कोंदणात असेल तर त्याच्याखाली चकाकीचा वर्ख असू शकतो, तो ओला झाला की काळवंडतो आणि खडा कायमचा निस्तेज. पॉलिशने तर ठसे आणि कोरीव रेघा बुजतात. जुन्या वस्तूची किंमत त्या रेघांत असते, तुम्ही ती पुसायला सांगताय.

लखलखाट
काळपट वस्तू घालून कोण फिरतं? आपापली आवड.

भिंगवाला
निळीशाई, तपासताना हे बघा. ठसे करकरीत आणि बाकी लॉकेट गुळगुळीत झिजलेलं असेल तर संशय घ्या. ठशाचा तुकडा दुसऱ्या वस्तूतून कापून डाकून बसवायची लबाडी जुनी आहे. तोंडाची वाफ सोडली तर डाकाची रेघ कधीकधी उमटून दिसते. बिजागरी आणि वरची कडी पाहा, रोज वापरलेल्या लॉकेटची कडी साखळी घासून पातळ झालेली असते. राखाडी शिशाचा डाक दिसला तर किंमत पाडा, पुढचा कारागीर ते तापवायला घाबरेल. मिनाकारीचा टवका उडाला असेल तर जास्तच पाडा, कारण मिना पुन्हा चढवायचा म्हणजे ७००-८०० अंशांची भट्टी, आणि त्याआधी काच, केस, हिरा सगळं बाहेर काढायचं. नुसता काळा रंग फासून झाकलेलं असेल तर तिरप्या उजेडात चमक वेगळी दिसते.
हिरा रोझ कट असेल, म्हणजे खालून सपाट, तर काळाला शोभतो. आजच्यासारखा झगमगीत गोल ब्रिलियंट असेल तर तो मागाहून बसवलेला. पण रोझ कट आजही पाडतात, एकट्या खड्यावर वय ठरवू नका.

उशीराआलो
वरचे प्रतिसाद वाचले नाहीत. लोहचुंबक लावून बघा, सोपं असतं.

सोपाउपाय
बघा! मी काय म्हणत होतो?

निळीशाई
सगळ्यांचे आभार. बाईंनी दोन्ही वेगळं तोलू दिलं. लॉकेट १२, साखळी १० ग्रॅम. साखळी पाण्यात ०.६४ ने हलकी भरली. फासा चुंबकाला चिकटला, पण आता घाबरले नाही. लॉकेटची कडी झिजलेली आहे, ठसेही तितकेच पुसट. मिन्याचा एक टवका उडालाय.

तावूनसुलाखून
मग हिशोब करा. लॉकेटमधून काच-हिऱ्याचे अंदाजे २ ग्रॅम वजा: १० × ०.६२५ = ६.२५. साखळी १० × ०.७५० = ७.५. शुद्ध सोनं एकूण १३.७५ ग्रॅम. बाईंच्या हिशोबाने २२ × ०.७५० = १६.५. म्हणजे पावणेतीन ग्रॅम शुद्ध सोन्याचे पैसे त्या हवेचे आणि काचेचे मागतायत. तुमची दीडपट १३.७५ वर धरा.

भिंगवाला
माझं मत: साखळी सोडा, लॉकेट घ्या. साखळ्या कुठेही मिळतात. पुसट ठसा पुसट कडीशी जुळतोय, हे चांगलं लक्षण. टवका उडालाय म्हणून दीडपटीच्या आत नक्की बसेल.

मोरपीस
मीही लॉकेटच म्हणेन. पण सही नाही ना त्यावर.

राखुंडी
लॉकेट. फक्त पावतीवर "१५ कॅरेट लॉकेट" असं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं "जुना दागिना" नको.

रोखठोक
बिस्किट.

निळीशाई
घेतली. साखळी. नुसत्या सोन्याच्या भावात मिळाली, कारण बाईंच्या मते खरी किंमत लॉकेटची. पावतीवर ७५० आणि वजन लिहून घेतलंय. लॉकेट सुंदर आहे, पण रोज घालायचं तर मिना आणखी उडणार आणि अनोळखी माणसाचे केस गळ्यात घेऊन मला काही हिंडवेना.

भिंगवाला
मग मी एवढं टंकलं कशाला?

सोपाउपाय
चुंबक लावलं होतं ना, ते महत्त्वाचं.

रोखठोक
निळीशाई, ते लॉकेट अजून त्यांच्याकडेच आहे का? व्यक्तिगत निरोप केलाय.