मदत हवी आहे: ९ वर्षांच्या भाचीला बीपी, किडनीची धमनी अरुंद

नमस्कार मंडळी, ताईच्या मुलीचं तीनेक महिने डोकं दुखायचं, आम्ही आपले चष्म्याचा नंबर असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फिरतोय, शेवटी बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांचा कफ लावून बीपी बघितला तर १६०/११०! तोवर कुणी मोजलाच नव्हता, एवढ्याशा पोरीचा बीपी कोण बघतं. मग डॉपलर सोनोग्राफी, सीटी अँजिओ (धमन्यांचा स्कॅन) झालं, उजव्या किडनीची धमनी अरुंद निघाली. किडनीला वाटतं रक्तच कमी येतंय म्हणून ती रेनिन नावाचं बीपी वाढवणारं द्रव्य सोडते आणि बीपी चढतो, असं डॉक्टरांनी समजावलं. आता टाकायासू (मोठ्या धमन्यांना सूज येण्याचा आजार) आहे का बघायला ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या दिल्यात आणि दोन्ही हातापायांचा बीपी घेतला, कारण भारतात मुलांमध्ये हे कारण बऱ्यापैकी सापडतं म्हणे. तसं असेल तर आधी धमनीची सूज औषधाने आटोक्यात आणायची, मग फुग्याची अँजिओप्लास्टी, म्हणजे आत फुगा फुगवून धमनी रुंद करायची. सध्या बीपीची गोळी अॅम्लोडिपिन चालू आहे.

कुणाच्या मुलाची अशी अँजिओप्लास्टी झालीय का? नंतर गोळ्या सुटल्या का, धमनी परत अरुंद झाली का? ताई नाशिकला असते, मुंबई-पुण्यात मुलांचे किडनीतज्ज्ञ आणि लहान मुलांची अँजिओप्लास्टी नेहमी करणारे एकाच ठिकाणी कुठे मिळतील? आणि प्लीज लसूण-बीटाचे उपाय नकोत, ती आधीच घाबरलीय.